एक रानातले, एक घरातले : पहिलीच्या अक्षरपेट्यांच्या प्रकल्प नोंदी

१८ जून २०२४

शाळा सुरू होऊन तीन दिवस झाले. पाटण तालुक्यातील आमच्या या लहानशा शाळेत यंदा पहिलीला चौदा मुले आहेत. भिंतीवरच्या जुन्या तक्त्यावर ‘ई ईडलिंबाचा’, ‘ऐ ऐरणीचा’, ‘औ औताचा’ अशी चित्रे आहेत. मुले ती सुरात म्हणतात, परंतु चौदापैकी एकाही मुलाने ईडलिंबू पाहिलेले नाही, आणि लोहाराची ऐरण दोघांनीच पाहिली आहे. अक्षर पाठ होते, पण ते कशालाही चिकटत नाही, हे मी गेली काही वर्षे पाहत आले आहे.

म्हणून यंदा प्रत्येक अक्षरासाठी एक पेटी करण्याचे ठरवले आहे. पेटीत दोन कप्पे असतील. एका कप्प्यात त्या अक्षराने सुरू होणारी रानातली, शेतातली किंवा ओढ्याकाठची वस्तू आणि दुसऱ्यात त्याच अक्षराने सुरू होणारी घरातली रोजच्या वापराची वस्तू ठेवायची. वस्तू शक्यतो खरी असावी, चित्र हा शेवटचा उपाय असावा, आणि ती मुलांनीच आणलेली असावी, एवढे तीन नियम आज फळ्यावर लिहिले.

ही कल्पना काही नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने बालशिक्षणाचे जे काम उभे केले, त्यात महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने आणि खडे आले होते. डी.एड.ला असताना हे मी परीक्षेपुरते वाचले होते. आता ते हाताने करून पाहायचे आहे.

२४ जून

वाण्याकडून साबणाची रिकामी खोकी मिळाली. प्रत्येक झाकणावर डिंकाने अक्षर काढून त्यावर नदीची चाळलेली वाळू पसरली, म्हणजे मुलांना बोटाने अक्षराचे वळण गिरवता येईल. ऐन पावसाळ्याच्या तोंडावर हे काम घेतले ही चूक झाली. दोन दिवस उलटून गेले तरी डिंक ओलाच राहिला आणि ‘म’ची अर्धी वाळू मुलांच्या बोटांना लागून गेली. झाकणे आता पोषण आहाराच्या चुलीशेजारी फळीवर वाळत ठेवली आहेत.

पहिली जोडी करवंद आणि कळशी अशी झाली. पावसाने पाणचट झालेली शेवटची करवंदे एका मुलीने पानात बांधून आणली होती. ती पेटीत ठेवण्यापूर्वीच निम्मी संपली. कळशी खोक्यात मावण्यासारखी नसल्यामुळे भातुकलीतली बोटभर कळशी ठेवली.

३ जुलै

आज एक मूलभूत अडचण समोर आली, आणि तिचा विचार आधी करायला हवा होता.

‘क’च्या पेटीत घालण्यासाठी एका मुलाने किल्ली आणली. मी चिठ्ठीवर ‘किल्ली’ लिहून ती त्याच्या हातात दिली आणि पहिले अक्षर दाखवायला सांगितले. त्याने वेलांटीवर बोट ठेवले. त्याचे काहीच चुकले नव्हते, कारण डावीकडून वाचायला लागले की त्या शब्दात डोळ्यांना आधी वेलांटीच भेटते आणि क तिच्यामागे उभा असतो. कानाला आधी क् आणि मग इ ऐकू येते, डोळ्याला मात्र उलटा क्रम दिसतो. मोठ्यांच्या हे लक्षातही येत नाही, इतके ते आपल्या अंगवळणी पडलेले असते.

त्यामुळे क्रम बदलला. पहिल्या फेरीत फक्त ज्यांचे पहिले अक्षर काना-मात्रा-वेलांटीविना आहे अशाच वस्तू घ्यायच्या. करवंद–कळशी, पळस–पळी, वड–वरवंटा, फणस–फळी, गवत–गडू, दगड–दप्तर अशा जोड्या मुलांना सहज जमल्या. दुसऱ्या फेरीत काना आणायचा, म्हणजे कावळ्याचे पीस आणि कात्री, माती आणि माठ. ऱ्हस्व वेलांटी सर्वांत शेवटी घ्यायची आणि ती चिठ्ठीवर लाल खडूने लिहायची, म्हणजे काळे अक्षर कोणते आणि त्याला लागलेले चिन्ह कोणते हे वेगळे दिसेल. किल्ली तोवर माझ्या टेबलाच्या खणात राहील, असे त्या मुलाला सांगितले. तो दररोज ती जागेवर आहे ना, हे पाहून जातो.

११ जुलै

‘च’च्या पेटीवरून वर्गात मतभेद झाले. चिंच आणि चिमटा ही जोडी, चिठ्ठी न वाचता नुसती ऐकून, सर्वांना मान्य होती. चाफ्याचे वाळलेले फूल आल्यावर मात्र एक मुलगी ठामपणे म्हणाली, “बाई, हा च त्यातला न्हाई.” तिचे बरोबर होते. चिंच, चिमटा, चिमणी यांतला च आणि चाफा, चूल, चाळणी यांतला च हे उच्चाराने दोन वेगळे वर्ण आहेत. आपली लिपी दोघांना एकच अक्षर देते, आणि आपण बोलताना कधीही गल्लत करत नाही. ‘चार पेंढ्या चारा’ एवढे तीन शब्द म्हणून पाहिले तरी दोन्ही च शेजारी शेजारी ऐकू येतात.

हे समजावून सांगण्याऐवजी पेटीत पुठ्ठ्याची एक आडवी भिंत घातली. अक्षर एक, खोल्या दोन. एकीत चिंच–चिमटा आणि दुसरीत चाफा–चाळणी. ‘झ’लाही तसेच केले. झाडाची डहाळी आणि झारा एकीकडे, झेंडू आणि झेंडा दुसरीकडे. ‘ज’साठी मुले सध्या घरोघरी शब्द गोळा करीत आहेत. जाते आणि जिरे हे दोन आले आहेत, पण जाते घराबाहेर निघणार नाही, हे उघड आहे.

वर्ग संपल्यावरही ही गोष्ट माझ्या मनात राहिली. जिला अजून एकही अक्षर नीट गिरवता येत नाही, त्या सहा वर्षांच्या मुलीच्या कानाला हा भेद आपोआप कळला. अक्षरओळख करून देताना आपण मुलांच्या कानांवर फारच थोडा विश्वास टाकतो, असे मला आता वाटू लागले आहे.

२२ जुलै

पाऊस थांबलेला नाही. पाच मुले येऊ शकली नाहीत. बियांच्या पेट्यांना बुरशी आली, त्यामुळे चिंचोके, सीताफळाच्या बिया आणि वालाचे दाणे पुसून पुन्हा चुलीशेजारी ठेवले.

३० जुलै

आज गुंज आली. एका मुलाने आजीच्या डबीतून दहा-बारा गुंजा आणल्या होत्या. लाल रंग, टोकाला काळा ठिपका आणि इतका गुळगुळीतपणा की मुले त्या एकमेकांच्या हातातून सोडायला तयार नव्हती. मी मात्र त्या लगेच काढून घेतल्या. गुंजेचे बी विषारी असते. वरचे कवच कठीण असल्यामुळे अख्खे बी बाधत नाही असे लोक म्हणतात, परंतु ते चावून फुटले किंवा माळेत ओवण्यासाठी भोक पाडलेले असले तर आतले विष घातक ठरू शकते. पहिलीच्या वर्गात ज्या वस्तू हाताळायच्या, त्यांतली एखादी तोंडात जाणारच, हे धरून चालावे लागते.

मुलांना खरे कारण सांगितले. गुंजा एका काचेच्या बाटलीत घालून बूच लाखेने बंद केले आणि ती बाटली ‘ग’च्या पेटीत न ठेवता उंच फळीवर ठेवली. त्याबरोबर न आणण्याच्या वस्तूंची एक यादी दारावर लावली. धोतऱ्याची बोंडे, कण्हेरीचे कोणतेही भाग आणि एरंडाच्या बिया आणायच्या नाहीत. त्यामुळे ‘ध’च्या पेटीत धोतऱ्याऐवजी धायटीचे पान आले आणि त्याला जोड म्हणून धाग्याचे रीळ.

गुंजेची हकीकत मात्र सांगितल्याशिवाय राहवले नाही. सोनार पूर्वी सोने गुंजांनी तोलत. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, म्हणजे एका तोळ्याला शहाण्णव गुंजा होतात. तिसरीच्या मुलांनी मधल्या भिंतीपलीकडून हे ऐकले आणि त्यांनी गुणाकार करून उत्तर पडताळून पाहिले.

८ ऑगस्ट

उद्या नागपंचमी आहे. त्या निमित्ताने एका मुलाने बांधावर सापडलेली सापाची कात आणली. ती बोटांना कागदापेक्षाही हलकी लागत होती, आणि उजेडात धरली की एकेका खवल्याची चौकट दिसत होती. ‘क’च्या पेटीत ती ठेवताना दुसरी मुलगी म्हणाली की कात तर तिच्या आज्जीच्या पानाच्या चंचीत असते. दोघांत वाद सुरू झाला, आणि मला त्यातून या प्रकल्पातील सर्वांत आनंदाचा दिवस मिळाला.

ती कात सापाची आणि तो कात खैराच्या झाडाचा. शब्द एकच असून एक स्त्रीलिंगी व दुसरा पुल्लिंगी, एक रानातला व दुसरा घरातला. म्हणजे एकाच शब्दाने पेटीचे दोन्ही कप्पे भरले. “असे आणखी शब्द घरी विचारून या,” असे सांगितल्यावर संध्याकाळी मी स्वतःही आठवू लागले. चिमणी पक्षी आहे आणि वीज नसताना लावायची रॉकेलची चिमणीही आहे. वाळा हे ओढ्याकाठचे सुगंधी मुळ्यांचे गवत आहे आणि बाळाच्या पायातला चांदीचा वाळाही आहे. तो माळ गावाबाहेर पसरलेला असतो आणि ती माळ गळ्यात घातली जाते. रवी आकाशात असतो आणि ताक घुसळणारी रवी खांबाशी टेकून उभी असते.

मुलांपैकी कोणीही रॉकेलची चिमणी पेटलेली पाहिली नव्हती. एका आजोबांनी माळ्यावरून औषधाच्या बाटलीची जुनी चिमणी काढून, वात काढून टाकून, धुऊन पाठवली आहे. झाकणाच्या भोकाभोवतीची काजळी तिला अजून चिकटलेली आहे.

२१ ऑगस्ट

‘व’ आणि ‘इ’ या पेट्यांची नोंद सविस्तर करणे मला आवश्यक वाटते.

घरातली ‘व’ने सुरू होणारी वस्तू म्हणून मला विळा अपेक्षित होता. मुलांनी विळ्याचे चित्र ‘इ’च्या पेटीत नेऊन ठेवले. येथे घरोघरी तो ‘इळा’ आहे, विंचू ‘इचू’ आहे आणि वेल ‘येल’ आहे. शब्दाचा पहिला आवाज ऐका, असे मीच दोन महिने सांगत होते आणि मुलांनी अगदी तेच केले होते. त्यांना चूक म्हणणे म्हणजे मीच शिकवलेले मीच खोडून काढणे झाले असते.

विचार करताना एक गोष्ट लक्षात आली. पुस्तकी मराठीत विंचू–विळा ही रानातली व घरातली जोडी आहे. आमच्या मुलांच्या बोलीत इचू–इळा हीदेखील जोडीच आहे. शब्दाचे पहिले अक्षर बदलले, पण दोघांचे एकदमच बदलले, त्यामुळे जोडी मोडली नाही. म्हणून दोन्ही पेट्यांत त्यांची मातीची प्रतिरूपे ठेवली. खऱ्या विंचवाची आणि धारदार विळ्याची जागा वर्गात नाही. ‘इ’च्या चिठ्ठीवर “आपण घरी म्हणतो” आणि ‘व’च्या चिठ्ठीवर “पुस्तकात लिहितात” असे लिहिले.

बांबूचेही असेच झाले. मी ‘ब’साठी बांबू–बुट्टी अशी जोडी मनात धरली होती, आणि ती उत्तमच आहे, कारण बुट्टी बांबूचीच विणतात. एक मुलगा मात्र बांबूचा तुकडा ‘क’कडे घेऊन गेला, कारण त्याच्या घरी त्याला कळक म्हणतात. त्याला मी विचारले, “मग क-ची घरातली वस्तू कोणती?” तो क्षणभरही न थांबता म्हणाला, “कणगी.” कणगीही कळकाचीच असते. ती विणून आतून-बाहेरून शेणमातीने लिंपली की वर्षाचे धान्य तिच्यात राहते. दोन्ही नावांनी बांबूला त्याच्याच जातीची जोड मिळाली, हे पाहून मी खरोखर थक्क झाले.

४ सप्टेंबर

गणपती तीन दिवसांवर आले आहेत. मागच्या नोंदीतील कणगीमुळे मुलांना नवा छंद लागला आहे. रानातली वस्तू आणि तिच्यापासूनच घडलेली घरातली वस्तू, दोघींचे पहिले अक्षर एकच, अशा जोड्या शोधायच्या. त्यांना मुलांनीच ‘आई-लेकरू’ असे नाव दिले आहे. आजवर मिळालेल्या अशा : माती–मडके, कापूस–कापड, तीळ–तेल, मध ज्या पोळ्यातून येतो त्यातलेच मेण, शेण–शेणी आणि पळस–पत्रावळ. यांतील तीळ आणि तेल यांचे नाते तर शब्दातही आहे, कारण तेल हा शब्द तिळावरूनच आलेला आहे. पुढे सर्वच तेलांना तो लागू झाला.

पत्रावळीसाठी एका मुलाच्या आज्जी शाळेत आल्या. त्यांनी पळसाची पाने ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. आधी त्यांनी डहाळी दाखवून देठावरची पाने मुलांकडून मोजून घेतली. प्रत्येक देठाला तीनच पाने निघाली. ‘पळसाला पाने तीन’ ही म्हण ज्यांनी ऐकली होती, त्यांनी आज ती हाताने मोजली. मग एक मोठे पान मधोमध ठेवून त्याच्याभोवती बाकीची पाने अर्धी अर्धी एकमेकांवर चढवत आज्जी ती फिरवू लागल्या. वाळलेल्या काडीचे टोक पानात खुपसायचे, खालून वर काढायचे आणि नखाने मोडायचे, एवढीच ती शिवण होती. एका टाक्याला एक श्वासभर वेळ लागत होता. चौदा मुले त्या काडीकडे पाहत इतकी गप्प बसली होती की मोडलेल्या काडीचा आवाज ऐकू येत होता. ती पत्रावळ पेटीत मावली नाही. ‘प’च्या पेटीवर भिंतीला टांगली आहे.

२३ सप्टेंबर

राहिलेली अक्षरे.

ण आणि ळ यांनी मराठी शब्द सुरूच होत नाही. तक्तेही ‘ण बाणाचा’, ‘ळ बाळाचा’ असेच सांगतात. या दोघांसाठी नियम उलटा केला आणि शेवटी ऐकू येणारे अक्षर घेतले. ‘ण’ला शेण आणि मेण, ‘ळ’ला नारळ आणि गूळ. गुळाला मुंग्या लागल्यामुळे त्याच्या जागी माळ ठेवली.

‘ढ’साठी सगळ्यांनी ढग सुचवला, पण ढग पेटीत येत नाही. एका मुलाने नांगरटीतले ढेकूळ आणून ठेवले आणि घरच्या कप्प्यात भजनाची लहान ढोलकी. हा मुलगा अक्षर काढताना मात्र कचरत होता, कारण अभ्यासात मागे पडणाऱ्याला ‘ढ’ म्हणतात, हे त्याने मोठ्या भावाकडून ऐकले आहे. मी त्याला सांगितले की दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या ब्राह्मी लिपीत ‘ढ’ जसा लिहीत, त्याचे वळण आजच्या ‘ढ’शी ओळखण्याइतके मिळतेजुळते आहे. बाकीची बहुतेक अक्षरे ओळखू येऊ नयेत इतकी बदलली, आणि हे मात्र तग धरून राहिले. मग फळ्यावर ब्राह्मीतला ढ काढून दाखवला. त्याने तो गिरवला आणि शेजारी आजचा ढ काढला.

‘ठ’च्या घरच्या कप्प्यात गोधडीचे ठिगळ आहे. रानाचा कप्पा रिकामा आहे. ‘ष’ची पेटी पूर्णच रिकामी आहे आणि ती तशीच ठेवण्याचे ठरले. शोभेसाठी ओढूनताणून शब्द आणायचा नाही, यावर मुले आणि मी एकमत आहोत.

९ ऑक्टोबर

पहिल्या सत्राची पडताळणी केली. पेटी न दाखवता नुसती वस्तू हातात देऊन, तिचे पहिले अक्षर पाटीवर लिहायला सांगितले. नऊ मुलांनी बहुतेक सर्व अक्षरे लिहिली. तिघांची ‘भ’ आणि ‘म’ यांत गल्लत होते, त्यांच्यासाठी भोपळ्याची बी व भांडे आणि मोराचे पीस व मडके या दोन पेट्या समोरासमोर ठेवून काम करायचे आहे. पीस मोराने स्वतःहून टाकलेले आणि बांधावर सापडलेले आहे, हे आणणाऱ्याकडून खात्री करून घेतले. दोन मुले अजून वाळूच्या अक्षरांवर आहेत. त्यांच्या बाबतीत घाई करणार नाही. हे निष्कर्ष चौदा मुलांपुरते आहेत, आणि गेल्या वर्षीच्या वर्गाची अशी नोंद माझ्याकडे नसल्यामुळे तुलना करता येत नाही. नोंद ठेवायला हवी होती, याची खंत वाटते.

ऱ्हस्व वेलांटी कालपासून सुरू झाली. खणातली किल्ली बाहेर काढली. लाल वेलांटी आणि काळा क पाहून त्या मुलाने आधी काळ्यावर बोट ठेवले, मग लालवर, आणि किल्ली स्वतःच्या हाताने ‘क’च्या पेटीत ठेवली. तिची जोड म्हणून कोणी किडा आणू म्हणाले, पण जिवंत प्राणी पेटीत कोंडायचा नाही, म्हणून ओढ्याकाठच्या झाडावर चिकटलेली रातकिड्याची रिकामी टरफले पाहून या, असे एकाने सुचवले. तो शब्द ‘र’चा आहे, हे दुसऱ्याने लगेच लक्षात आणून दिले.

१९ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीसाठी पेट्या बंद केल्या. प्रत्येक पेटीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घातला, कारण वालाच्या दाण्यांना भोके पडू लागली आहेत. गुंजांची बाटली कपाटात कुलपात ठेवली. मुलांनी सुट्टीत आणायच्या वस्तू वहीत लिहून घेतल्या आहेत : ‘प’साठी वापरून झालेली पणती, ‘फ’साठी लाकडी फणी, ‘उ’साठी उडीद आणि, कोणाकडे लहान असेल तर, उखळ. सावरीची बोंडे उन्हाळ्यात उकलतात, त्यामुळे ‘स’च्या पेटीतला सावरीचा कापूस परीक्षेनंतरच येईल. त्याची जागा सूप ठेवून धरली आहे. ‘ठ’चे अजून कोणाला सापडलेले नाही.